इस्माईलभाईंचं उसाशी वाकडं

आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीसमोर एक माणूस उभा राहतो आणि रस प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवतो. अडवत नाही, ओरडत नाही. नुसता जवळ जातो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "बगा, मी काही म्हणत न्हाई. फक्त सांगायलो. ह्या एका गिलासात लई पाणी गेलंय."

गिऱ्हाईक चमकून ग्लासात बघतं. त्याला वाटतं, रसवंतीवाला रसात पाणी घालतो. ते मुकाट्यानं निघून जातं.

रसवंतीवाल्यानं एकदा हात जोडून विनंती केली होती, "भाई, निदान वाक्य तरी बदला." पण तो त्यांना हाकलत नाही, कारण त्याच्या दुकानातला निळा ड्रम रोज दुपारी भरून देणारे हेच. इस्माईलभाई तांबोळी टँकर चालवतात.

चिखली-मोशीकडच्या सोसायट्यांना टँकरवाला म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी सरला की आमच्या नळांचा जीव जातो, आणि पाऊस सुरू होईपर्यंत आमचं सगळं घर, आंघोळी, धुणीभांडी, पाहुणेरावळे, इस्माईलभाईंच्या हॉर्नवर चालतं. मी सोसायटीच्या पाणी कमिटीत आहे. त्यात कर्तबगारी काही नाही. मी मीटिंगला उशिरा पोचले, तोवर बाकीची सोपी कामं वाटून झाली होती. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणी विभागात आहे. दिवसभर लोखंडाचे तुकडे मायक्रोमीटरनं मोजायचे आणि घरी आल्यावर टँकरचं झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना, ते बघायचं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना चहा नेऊन दिला. साठीच्या आसपासचा माणूस, पांढरी दाढी, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ताई, साखर हाय का ह्यात?"

मला वाटलं शुगर असेल. "डॉक्टरांनी बंद केलीय का?"

"न्हाई. डाक्टरला काय घेणं. साखर म्हंजी ऊस. आन् ऊस म्हंजी..." त्यांनी कपाकडे बघून मान हलवली, जणू त्यात कुणी बुडालं होतं. "तुम्ही प्या ताई. मला कोरा चालतो."

दुसऱ्या दिवसापासून मी कोरा, बिनसाखरेचा चहा नेऊ लागले. इस्माईलभाई तो काढा प्यावा तसा पीत आणि प्रत्येक घोटाला त्यांचा चेहरा वाकडा होई. साखर त्यांना मनापासून आवडते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

टँकर रिकामा व्हायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतात आणि बाजारातून येणाऱ्यांच्या पिशव्या वाचतात. वाचतात हाच शब्द. "गवार. बरी हाय, थोडक्यात भागवती. अंबाडी. वा, ती तर गरिबाची लेक. मटकी चांगली, हुलगा त्याहून चांगला. तांदूळ कामून एवढा आणला, ताई?" काही दिवसांनी बायका पिशवीवर ओढणी टाकून जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी तर पाच किलो तांदूळ लिफ्टनं वर पाठवला आणि स्वतः रिकाम्या हातानं इस्माईलभाईंना नमस्कार करत जिन्यानं गेल्या.

मोजमापाच्या धंद्यातली असल्यानं मी एकदा त्यांना विचारलं, "भाई, नक्की किती पाणी लागतं तांदळाला? किती ज्वारीला?"

"आकडे शिकलेल्यांचे," ते म्हणाले. "मी उसाला रातंदिस पाणी दिलेलं हाय. एक पाळी संपली की दुसरी. आन् ज्वारी? ती पेरायची आन् घरी यायचं. जमिनीत ओल असती आन् रातचं दव पडतं, तेवढ्यावर येती बिचारी. हाक बी मारत न्हाई. मला एवढंच कळतं."

त्यांच्या या शास्त्राला अपवाद होते आणि ते सगळे त्यांच्या सोयीचे होते. मटणाचं विचारलं तर म्हणायचे, "बकरं बोरी-बाभळीचा पाला खातं, त्याला कोण पाणी देतं?" आंब्याबद्दल विचारलं की त्यांना टँकरचा व्हॉल्व्ह तपासायची आठवण यायची.

एका ईदला त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला भोसरीतल्या त्यांच्या खोलीवर जेवायला बोलावलं. बायको गावाकडं, कळंबच्या बाजूला, रान बघते. हे इथं एकटे. स्वतः रांधलं होतं. मोठ्या उत्साहानं पातेल्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, "बिर्याणी. पण बाजरीची." मसाला उत्तम होता, मटण उत्तम होतं. बाजरी मात्र एकजीव होऊन अशी बसली होती की नवऱ्यानं चमचा घातला तो उभाच राहिला. आम्ही दोघांनी ती संपवली. इस्माईलभाईंनी स्वतः दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मटण वेगळं शिजवायला पायजे होतं." मग म्हणाले, "आन् बाजरी बी."

त्यांचा खरा सामना होता आमचे चेअरमन सावंत यांच्याशी. सावंत मूळचे मालवणकडचे. आकुर्डीच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, पण पोट अजून कोकणातच आहे. भात नसेल तर ते जेवले असं मानत नाहीत. चार पोळ्या खाल्ल्यावरही "जरा काहीतरी पोटात टाकलं" एवढंच म्हणतात.

"भाई, आमच्या बापजाद्यांनी भातच खाल्ला," सावंत म्हणायचे. "कुणाचं पाणी चोरलं आम्ही?"

"तुमच्या गावात खुशाल खावा, साहेब," इस्माईलभाई शांतपणे म्हणायचे. "तिथं आभाळच भात लावतं. माझं भांडण भाताशी न्हाई. पण जिथं मी टँकरनं पाणी आणून देतो, तिथं बी तेच ताट कामून? गाव बदललं तर ताट थोडं बदलावं का न्हाई?"

सावंत म्हणायचे, "तुम्ही टँकर नीट लावा आधी."

मागच्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या वर्धापनदिनाचं जेवण ठरलं. पुलाव, जिलेबी, पुरी आणि शेवटी वाटीभर उसाचा रस, असा सावंतांचा बेत. नेमक्या त्याच आठवड्यात ज्या विहिरीवर टँकर भरायचे तिचं पाणी खाली गेलं आणि आमच्या खेपा कमी झाल्या. केटरर म्हणाला, पाण्याची सोय तुम्ही करत असाल तरच येतो. सत्तर माणसांची भांडी मी कोरडी घासू का? कार्यक्रम रद्द करायची वेळ आली. पोरांनी नाच बसवला होता, बायकांनी साड्या ठरवल्या होत्या. सावंतांचा चेहरा उतरला.

इस्माईलभाई पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "एक खेप माझ्याकडनं. कुठून आणायची ते मी बघतो. पण मग जेवण मी ठरवणार."

सावंतांनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं. करार झाला.

बेत असा: ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. पत्रावळीवर जेवायचं, म्हणजे ताटं घासायचा प्रश्न नाही. गोडाशी मात्र घोडं अडलं. साखर नाही, आणि गूळही उसाचाच. इस्माईलभाई दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "लेकरांना गोड पायजेच. गुळाची चिक्की करू. तेवढं माझ्या माथी."

"आणि दीडशे भाकऱ्या कोण थापणार?" मी विचारलं.

ते पाइपाकडे वळले. "दापोडीत एक बाई हाय. नूरजहाँ. हात चांगला हाय तिचा. ज्वारी मी माझ्या रानातली देतो, ऑर्डर तुम्ही द्या."

"तुमच्या ओळखीची आहे ना? मग तुम्हीच सांगा की."

"न्हाई. तुम्हीच द्या," ते म्हणाले आणि पाइप गुंडाळायला लागले.

रविवारी सकाळी मी रिकाम्या टँकरच्या केबिनमध्ये बसून ज्वारीच्या पोत्यासह दापोडीला गेले. रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली, पोतं एका हमालाच्या पाठीवर दिलं आणि गल्ली दाखवली. स्वतः उतरले नाहीत.

नूरजहाँभाभींचं घर म्हणजे एक खोली आणि दाराबाहेर पत्र्याची शेड. शेडमध्ये चूल, परात, आणि भाकऱ्यांची चळत. बाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. पोतं बघताच त्यांनी ओंजळभर ज्वारी हातात घेतली, एक दाणा दाताखाली चावला आणि म्हणाल्या, "भाई गाडीत बसलेत का?"

मी हो म्हटलं. नवरा रविवारच्या बाजाराला गेला होता. त्यांनी मला पाट दिला आणि थापता थापताच सांगू लागल्या.

इस्माईलभाई त्यांचे थोरले दीर. युसूफ, त्यांचा नवरा, धाकटा. गावाला दोघांची रानं लागून, मध्ये फक्त एक बांध. युसूफच्या रानात वडिलांनी खोदलेली विहीर होती. त्या पाण्यावर वांगी, मेथी, दहा-बारा मोसंबीची झाडं. इस्माईलभाईंनी बोअर घेतलं आणि ऊस लावला, गावात सगळ्यात आधी. ऊस असा आला की लोक बघायला यायचे. पक्कं घर झालं, पोरीचं लग्न थाटात झालं. आणि एका चैत्रात युसूफची विहीर तळाला गेली.

"मालक सांगायला गेले, भाई, चार दिवस मोटर बंद ठेव, मोसंबी जळायली," नूरभाभी म्हणाल्या. "भाई म्हणले, पाणी माझ्या रानातलं हाय. बस, एवढंच म्हणले. मालकांनी उलट शब्द केला न्हाई. त्याच महिन्यात आमी इकडं आलाव. हितं गाड्यांच्या गॅरेजमधी लागले. त्या दिवसापासून दोघं बोलले न्हाईत."

पुढं दोनेक वर्षांत बोअरही आटलं. इस्माईलभाईंना गाव सोडून टँकरवर यावं लागलं.

"रोज येतात," त्या म्हणाल्या. "मालक गॅरेजला गेले की. पाच भाकरी घेतात, भाईरूनच. मी म्हणते चहा घ्या, तर म्हणतात, साखर न्हाई ना टाकली? मग थोडं बोलणं होतं."

"युसूफभाईंना माहीत आहे?"

"ते विचारत न्हाईत, मी सांगत न्हाई. पण सकाळी पीठ जास्त मळलं की बगतात परातीकडं."

चिखलीहून दापोडीपर्यंत वाटेत भाकरी विकणाऱ्या निदान वीस बायका असतील. उठताना एवढंच म्हटलं, "दीडशे भाकऱ्या घेऊन येणार कोण? तुमच्या मालकांनाच पाठवाल का? जेवण पुढच्या रविवारी आहे, गॅरेजला सुट्टी असेल." नूरभाभींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बगते."

केबिनमध्ये चढले तर इस्माईलभाईंनी विचारलं, "काय म्हणली?"

"होतील म्हणाल्या दीडशे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

भोसरीचा पूल आला. मग ते म्हणाले, "ज्वारी चावून बगितली का तिनं?" मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी उगीचच एकदा हॉर्न वाजवला.

पुढच्या रविवारी दुपारी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या. इस्माईलभाईंनी कुठून तरी, बहुतेक चाकणच्याही पलीकडून, टँकर भरून आणला होता आणि ते टँकरवर चढून झाकण उघडत होते. तेवढ्यात गेटमधून रिक्षा आत आली. एक बुटका, सावळा माणूस उतरला; बोटांच्या पेरांत ऑइल मुरलेलं, डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी. त्यानं धोतराच्या कापडात बांधलेल्या दोन मोठ्या टोपल्या काढल्या आणि विचारलं, "भाकरी कुठं ठिवू?"

इस्माईलभाईंनी वरून बघितलं. मग ते टँकरच्या तोंडात डोकावून पाणी तपासू लागले. पाच मिनिटं तपासलं, दहा मिनिटं तपासलं. पोरांचा नाच झाला, भाषण झालं, तरी ते पाणी तपासतच होते. शेवटी सावंत खालून म्हणाले, "भाई, पाणी पळून नाही जात. उतरा. तुमचंच जेवण आहे."

युसूफभाई टोपल्या ठेवून निघाले होते, पण सावंत कोकणी माणूस. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी हात धरून त्यांना पंगतीच्या टोकाला बसवलं.

इस्माईलभाईंच्या हातात पिठल्याची बादली होती. लोक त्यांच्या भाषणाची वाट बघत होते. एका मुलीनं मुद्दाम विचारलं, "भाई, हे किती पाणी प्यालंय?" ते नुसते म्हणाले, "खा बाळा. आज खा." वाढत वाढत ते पंगतीच्या टोकाला आले. डाव बादलीत तसाच राहिला. युसूफभाईंनी वर बघितलं नाही. त्यांनी फक्त आपली पत्रावळ बोटभर पुढे सरकवली.

इस्माईलभाईंनी वाढलं. जरा जास्तच वाढलं; पिठलं पत्रावळीबाहेर गेलं.

जेवण झकास झालं, हे सांगायला पाहिजे. सावंतांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. नंतर ते घरी जाऊन भात खाऊन आले, पण ते आम्हाला त्यांच्या बायकोनं सांगितलं.

माणसं पांगल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. जिन्याच्या पायरीवर दोघं भाऊ बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मग युसूफभाईंनी समोर बघतच विचारलं, "किती पायऱ्या दिसायल्यात?"

कसल्या पायऱ्या, मला कळलं नाही. इस्माईलभाईंना लगेच कळलं.

"नऊ," ते म्हणाले. "मागल्या चैतात अकरा होत्या. विहीर चढायली तुझी. दर जुम्म्याला मी तुझ्या भाबीला बगून यायला सांगतो. वाकू नको म्हणतो, नुसत्या पायऱ्या मोज."

"आन् ऊस?"

"बोअर आटलं तव्हा वाळला. मी काही शाणा होऊन काढला न्हाई. पण पुढं पाऊस झाला, बोअरला परत पाणी आलं. लोक म्हणले, लाव. तव्हा न्हाई लावला. मोटरच वर काढून ठिवली. आता ज्वारी, तूर."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"कुणी सांगायचं?"

पार्किंगमध्ये पोरं चिक्कीसाठी भांडत होती. इस्माईलभाई हातांकडे बघत म्हणाले, "पाणी माझ्या रानातलं हाय, असं म्हणलो होतो मी."

"हां," युसूफभाई म्हणाले. "म्हणला होतास."

मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पिठल्यात मिरची कुणी टाकली एवढी?"

"मीच," इस्माईलभाई म्हणाले.

"वाटलंच मला."

मी सतरंजीची घडी चुकवली आणि पुन्हा घातली. संध्याकाळी रिकामा टँकर गेटबाहेर पडला तेव्हा युसूफभाई केबिनमध्ये होते आणि रिकाम्या टोपल्या त्यांच्या मांडीवर.

त्या आठवड्यात टँकर घेऊन दुसराच ड्रायव्हर आला. भाई सुट्टीवर गेलेत, एवढंच त्याला ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी मी वर्कशॉपमध्ये असताना फोन वाजला.

"ताई, ऐकायलात का? नीट ऐका बगा," इस्माईलभाईंचा आवाज घुमत होता, जणू ते एखाद्या मोठ्या रांजणात तोंड घालून बोलत होते. मग शांतता, आणि खाली खोल कुठेतरी डुब्बकन काहीतरी पडलं. "ऐकलं का? पाणी हाय ते. परत ऐका."

परत डुब्ब असा आवाज आला. आणि लगेच मागून युसूफभाई म्हणाले, "भाई, पुरे कर आता. गाळ मी काढायचा आन् दगडं तू टाकायलास होय?"

"एकच टाकला."

"तीन टाकलेस. मी मोजलेत."

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. गाळ पावसाच्या आधी काढायचा की नंतर, यावर दोघांचं जोरात सुरू झालं. एक म्हणे आधी, दुसरा म्हणे आत्ता दोर धरायला माणसं कुठून आणायची. माझ्यासमोर टेबलावर मोजायचे तुकडे पडले होते. मी फोन कानाला लावून तशीच ऐकत उभी राहिले.